अब्बांच्या फियाटचा हॉर्न

आमच्या दारात अब्बांची १९८३ ची प्रीमिअर पद्मिनी उभी असते. कागदावर पद्मिनी, पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला आमच्या मोहल्ल्यात फियाटशिवाय दुसरं नाव नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. यंदा आमची मुदत जवळ आली आणि नेमका पावसाळ्यानंतर हॉर्न मुका झाला. तपासणीत हॉर्नही बघतात.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "मॅडम, हे भंगारात टाका. सूर बदलणारा लावून देतो." असे सुरावटीचे हॉर्न मोटार वाहन नियमांत चालत नाहीत. अब्बांनी मान हलवली आणि घरी येऊन मला म्हणाले, "बेटा, तो मेलेला नाही. पाणी प्यायलाय. खोल त्याला."

पूर्वी ते स्वतःच खोलत. आता हात थरथरतात आणि कानही साथ देत नाहीत. मी उर्दू-मराठी शिकवणारी, पान्याशी माझी ओळख कमीच. पण आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत घंटेचं चित्र आहे ना, हॉर्नचं पोट जवळपास तसंच असतं. तारेचं वेटोळं, समोर पोलादी पत्र्याचा गोल पडदा आणि आत एकमेकांना टेकलेले दोन पॉइंट. बटण दाबलं की वेटोळं लोहचुंबक होऊन पडद्याला ओढतं. ओढताना पॉइंट सुटतात, वीज तुटते, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा टेकतात. सेकंदाला शेकडो वेळा हे चालतं, आणि आपल्याला ऐकू येतो तो एकच आवाज.

आधी टेस्ट लॅम्प लावून पाहिलं. मुलगा स्टिअरिंगवरचं बटण दाबत होता आणि दिवा पेटत होता. म्हणजे तारा ठीक, दोष हॉर्नमध्येच. तुमच्याकडे दिवा पेटला नाही तर हॉर्न उघडू नका, आधी फ्यूज आणि टर्मिनलवरचा हिरवा थर बघा. काही गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग त्याच्या पट्टीतूनच होतं, तिथं बोल्टखालचा गंजही खरवडावा लागतो.

आमचे दोन्ही हॉर्न, जाड आवाजाचा आणि बारीक आवाजाचा, स्क्रूचे निघाले. रिव्हेटचे असते तर ड्रिल मारावं लागलं असतं. जाड आवाजाच्या हॉर्नमधून मूठभर तांबूस भुगा पडला. पडद्याची कड गंजून चिकटली होती, पॉइंट काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरची घडी पॉइंटमध्ये सरकवून हलक्या हातानं घासली. "चमकले की थांब, झिजवू नकोस," अब्बा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. गंज ब्रशनं काढला, वेटोळ्याला हात लावला नाही.

मग फ्यूज घातलेल्या तारेनं बॅटरीला जोडलं. नुसतं 'टक्'. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं पॉइंटचं अंतर बदलतं. तो पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा, क्षणभर वाजवून बघायचा, पुन्हा फिरवायचा. तार धरून ठेवली तर वेटोळं तापून जळतं. चौथ्या वेळी असा दणका उठला की शेजारच्या खाला गॅलरीत आल्या.

मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला होता. "फाटका वाजतोय. अजून थोडा मागे घे." मी किंचित मागे घेतला. आवाज गोल झाला. गल्लीच्या तोंडाशी हाच आवाज आला की अम्मी तवा चढवायची.

बसवताना तोंड खालच्या बाजूला ठेवलं, म्हणजे पाणी साचत नाही. तपासणीत साहेबांनी बटण दोनदा दाबलं आणि पुढे सरकले. बारीक आवाजाच्या हॉर्नचं पॅकिंग मात्र उघडताना माझ्या हातून फाटलं. सध्या तिथं वहीच्या पुठ्ठ्याचं कापून घातलंय. त्याचा सूर थोडा बसलेला आहे, आणि अब्बा रोज गाडीजवळून जाताना मला त्याची आठवण करून देतात.