विश्लेषण : रेल्वे कोकणात पोहोचली, मग किनाऱ्यावर जायला मोटारच का लागते?

सलग तीन दिवसांची सुट्टी आली, की मुंबई-गोवा महामार्गावर वाहनांच्या रांगा लागतात. अलिबाग, मुरूड, दापोली, गणपतीपुळे, मालवण अशा ठिकाणी गावातले अरुंद रस्ते मोटारींनी भरून जातात. महामार्गाचे चौपदरीकरण रखडल्याची चर्चा दरवर्षी होते. पण रस्ता रुंद झाल्यावर या साऱ्या मोटारी गावात उभ्या कुठे राहणार, हा प्रश्न मागेच राहतो. कोकणचे पर्यटन मोटारीवर इतके अवलंबून का आहे आणि त्याला पर्याय काय?

रेल्वे असताना अडचण कुठे येते?

रोहा ते कर्नाटकातील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले. म्हणजे डिझेलचा धूर न सोडता मुंबईहून सिंधुदुर्गात जाण्याची सोय आज आहे. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली, मार्गाची क्षमता. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा सोडला, तर हा मार्ग प्रामुख्याने एकेरीच आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी दुसरीला स्थानकात थांबावे लागते. त्यामुळे गणपती आणि मे महिन्यात गाड्या वाढवण्याला मर्यादा येते आणि आरक्षण खुले होताच संपते.

दुसरी, स्थानक ते किनारा हे अंतर. कोकण रेल्वे बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून आत, डोंगरउतारांजवळून जाते. खेडहून दापोली सुमारे ३० किलोमीटर, चिपळूणहून गुहागर साधारण ४५, रत्नागिरी स्थानकाहून गणपतीपुळे तिसेक, तर कुडाळहून मालवण जवळपास तितकेच. पहाटे सामान आणि लहान मुलांसह उतरलेल्या कुटुंबाला पुढे एसटी कधी मिळेल याची खात्री नसते. रिक्षा किंवा खासगी गाडी ठरवली, तर या शेवटच्या तासाभराचे भाडे चौघांच्या रेल्वे तिकिटांच्या घरात किंवा त्याहून वर जाते. साहजिकच ‘आपली गाडी असलेली बरी’ असा निर्णय होतो.

जलवाहतुकीने काय साधले?

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक, तीन-चार तासांचा होणारा प्रवास तासाभरावर आला. हा मोठाच दिलासा आहे. मात्र रो-रोमधून मोटारीही पलीकडे उतरतात. महामार्गावरचा भार हलका होतो, अलिबागच्या रस्त्यांवरचा तसाच राहतो.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटींचा अनुभव वेगळा आहे. तिथे काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचा प्रवास धरलेला असतो. बोट लागली की बस उभी असते, त्यामुळे मोटार नेण्याची गरज पडत नाही. तिची मोठी मर्यादा म्हणजे पावसाळ्यात ही सेवा बंद असते.

कोकण रेल्वेनेही २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी रेल्वे सुरू केली. रस्त्यावरचे इंधन वाचवण्यासाठी ती उपयुक्त ठरू शकते. पण गावी पोहोचल्यावर मोटारीवाचून फिरता येत नाही, हे वास्तव ती बदलत नाही, उलट गृहीत धरते.

याची झळ कोणाला बसते?

सर्वाधिक झळ स्थानिकांना बसते. किनाऱ्याकडे जाणारा रस्ता अनेक गावांत एकच असतो. पर्यटकांच्या मोटारींनी तो अडला, की एसटी, दुधाची गाडी आणि रुग्णवाहिका एकाच रांगेत अडकतात. वाळूत मोटारी घालण्याच्या हौसेने किनाऱ्याचेही नुकसान होते. वेळास, आंजर्लेसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे चाकाखाली दबलेली वाळू थेट घरट्यांवर उठते.

दुसरा फटका व्यवसायाला. ज्यांच्याकडे मोटार नाही असे विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि एकट्याने फिरणाऱ्या महिला कोकणचा बेत टाळतात. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण सोयीच्या वेळी बस नसेल, तर सवलतीचा उपयोग होत नाही. घरगुती निवास चालवणाऱ्यांचे हे ग्राहक हातचे जातात.

मार्ग काय?

यासाठी प्रत्येक गावात रेल्वे नेण्याची गरज नाही. मांडव्याला बोटीसाठी थांबणारी बस जे करते, तेच खेड, चिपळूण, रत्नागिरी आणि कुडाळला रेल्वेसाठी करता येईल. त्यासाठी एसटीचे वेळापत्रक गाड्यांच्या वेळेशी जोडावे लागेल आणि गाडी उशिरा आली तरी बस थांबेल अशी व्यवस्था हवी. तीस-चाळीस किलोमीटरचे हे टप्पे इलेक्ट्रिक बससाठीही आवाक्यातले आहेत. चाळीस प्रवाशांची एक बस भरली, तर प्रत्येकी चार जणांच्या दहा मोटारी रस्त्यावरून कमी होतात.

मोटारी गावाबाहेर थांबवण्याचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत, तरीही तिथले पर्यटन थांबलेले नाही. अर्थात, पुढे नेणारी सोय नसताना नुसती बंदी घातली, तर पर्यटक दुसरे गाव शोधतील आणि नुकसान स्थानिकांचेच होईल. म्हणून आधी बस, मग वाहनतळ आणि शेवटी निर्बंध, हा क्रम महत्त्वाचा आहे.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गामुळे किनाऱ्यावरची गावे पुलांनी जोडली जाणार आहेत. त्या पुलांवरून नियमित एसटी धावेल की फक्त आणखी मोटारी येतील, हे आत्ताच्या नियोजनात ठरणार आहे. कारण रस्ता वाढवता येतो, पण किनाऱ्यावरची जागा तेवढीच राहते.