डोंगरावरचा धावपटू, सपाट मैदान आणि अंधार

संध्याकाळी सातनंतर कोणत्याही गावाबाहेरच्या वा वस्तीबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहावे. दिवसभर काम करून आलेली मुले आणि मुली तिथे धावताना दिसतात. कोणाला पोलीस भरती गाठायची असते, कोणाला सैन्य भरती. यांतली पुष्कळ मुले टेकडीवर आणि घाटात धावून तयार झालेली असतात. पण परीक्षा होते ती सपाट मैदानावर आणि घड्याळ लावून. म्हणून भरती जवळ आली की ती टेकडी सोडून सपाटीवर येतात, आणि दिवसा सवड नसते म्हणून अंधार पडल्यावर येतात. त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज आम्हांला चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी एका परदेशी धावपटूची हकीकत सांगतो. किलियन जॉर्नेट हा स्पेनमधल्या कॅटलोनियाचा, जन्म १९८७ चा. त्याचे बालपण डोंगरातच गेले, कारण वडील सुमारे दोन हजार मीटर उंचीवरची निवारा-झोपडी सांभाळत. डोंगरातल्या धावण्यात जगात त्याच्या तोडीचे फार थोडे. २०२० साली करोनामुळे शर्यती बंद पडल्या, तेव्हा तो नॉर्वेत राहत होता. त्याने सपाट रस्त्यावर वेगाचा सराव सुरू केला आणि ऑक्टोबरात दहा किलोमीटरची शर्यत २९ मिनिटे ५९ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी ७२ सेकंदांत, अशा सलग पंचवीस फेऱ्या.

पुढच्याच महिन्यात, २७ नोव्हेंबरला, त्याने मॉन्डालेन गावातल्या मैदानावर सलग चोवीस तास धावण्याचा प्रयत्न केला. नॉर्वेत त्या दिवसांत दुपार कलताच अंधार होतो. त्या थंडीत, दिव्यांच्या उजेडात तो फेऱ्यांमागून फेऱ्या घेत राहिला. दहा तास उलटून गेल्यावर, सुमारे १३४ किलोमीटर झाल्यावर, त्याच्या छातीत दुखू लागले आणि चक्कर आली. तो थांबला. त्याला रुग्णालयात नेऊन तपासण्या केल्या. सगळी तयारी होती, लोकांचे लक्ष होते, तरी तो थांबला. २०२२ साली याच माणसाने माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे १७० किलोमीटरची शर्यत वीस तासांच्या आत जिंकली.

आता आपल्या मुलांकडे वळू. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंद हा वेळ मानला जातो. हिशेब केला तर ४०० मीटरची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पडते. मुलींना ८०० मीटर असते. अंतर थोडे आहे, पण वेग थोडा नाही.

टेकडीवर धावलेल्या मुलाची अडचण अशी की, त्याचा दम तयार असतो पण पाय तयार नसतात. चढावर पाऊल आखूड पडते, उतारावर मांडी भार घेते, आणि दर पावलाला जमीन बदलते, म्हणून भार वाटला जातो. सपाटीवर तेच पाऊल, त्याच जागी, हजारदा पडते. पोटरी, टाचेमागची शीर आणि नडगी यांवर ताण येतो. दम लवकर वाढतो, हाडे आणि शिरा मात्र सावकाश बळकट होतात. शिवाय चढ माणसाला आपोआप हळू करतो. सपाटीवर अडवणारे कोणी नसते, तिथे आपणच आपल्याला आवरावे लागते.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे वेगाचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवावेत. इतर दिवशी बोलता येईल इतक्या सावकाश धावावे आणि शेवटी ऐंशी-शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा घ्याव्यात. नंतर ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये चालत विश्रांती. टेकडी एक दिवस चालू ठेवावी. सिमेंटपेक्षा मातीचे मैदान बरे. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट लावताच दुखत असेल तर धावणे बंद करून दवाखान्यात दाखवावे. रात्रपाळी करून आलेल्याने त्या दिवशी वेगाचा सराव करू नये.

अंधाराचेही नियम आहेत. वेगाची धाव रस्त्यावर नको, मैदानावर घ्यावी. ते मैदान आधी उजेडी चालून पाहावे, खड्डे आणि तारा लक्षात ठेवाव्यात. रस्त्याने जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे जावे. कपडे पांढरे असावेत, चमकणारी पट्टी मिळाली तर उत्तम. बॅटरी हातात खाली धरली की खड्ड्याची सावली नीट दिसते. कानात गाणी नकोत. मुलींना अंधाराच्या नावाखाली घरी बसवू नये. बापाने वा भावाने घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला बसावे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार प्राणाला मुकले. २०२४ साली झारखंडमध्ये दहा किलोमीटरच्या भरतीधावेत दहाहून अधिक तरुण गेले. आपली मुले छातीतले दुखणे घरी सांगत नाहीत. भरती हुकेल, घरची आशा मोडेल, ही भीती त्यांना असते. धावताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, शुद्ध हरपणे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यांतले एक जरी असले तरी सराव थांबवून सरकारी रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून घ्यावा. मैदानावर कोणी कोसळले तर १०८ ला फोन लावावा, आणि श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने व भराभर दाब देत राहावा.

नोकरीची गरज आम्ही जाणतो. एका पगारावर सहा माणसे जगणारी घरे आमच्या ओळखीची आहेत. म्हणूनच आईवडिलांना विनंती आहे. मुलगा मैदानावरून आला की किती वेळ लागला हे जरूर विचारा, पण त्याआधी छातीत वा पायात काही दुखते का ते विचारा. दुखते म्हणाला तर रागावू नका. आज खरे सांगून थांबलेला मुलगा पुढच्या भरतीला उभा राहू शकतो.