यंत्राची दृष्टि आणि रोग्याचें मन

मधुमेहानें दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडूं लागल्या तरी आरंभीं रोग्यास कांहींच उणें भासत नाहीं. आणि दिसेनासें होऊं लागतें तेव्हां पुष्कळदां विलंब झालेला असतो. म्हणून प्रतिवर्षीं नेत्रपरीक्षा करून घ्यावी असें तज्ज्ञ सांगतात. परंतु रोगी कोट्यवधि आणि नेत्रतज्ज्ञ थोडे. ही उणीव भरून काढण्यास दृष्टिपटलाचें छायाचित्र पाहून रोग ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आतां पुढें आली आहे. अमेरिकेंत अशा एका साधनास २०१८ सालीं सरकारी मान्यता मिळाली. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांतही मोबाइलवर, इंटरनेटवांचून चालणाऱ्या साधनाची परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

अशा यंत्रावर भोळे रोगी विश्वास ठेवतील काय, अशी शंका सुशिक्षित मंडळी काढितात. मला ही शंका अस्थानीं वाटते. थायलंडांतील ११ दवाखान्यांत ही पद्धति कशी चालते तें गूगलच्या संशोधकांनीं प्रत्यक्ष पाहिलें. त्यांचा निबंध २०२० सालचा आहे. पूर्वीं ज्या निकालास कित्येक आठवडे लागत, तो यंत्रामुळें तत्काळ मिळूं लागला, हा लाभ निःसंशय मोठा. तथापि छायाचित्र अस्पष्ट असलें कीं यंत्र निकाल देण्याचें नाकारी; पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ छायाचित्रांपैकीं शेंकडा २१ अशीं निघालीं. मग रोगाचें चिन्ह नसलें तरी आणखी एक दिवस मोडून रुग्णालयाची वाट धरणें आलें. एका परिचारिकेनें सांगितलें कीं, रोग्यांना यंत्राच्या अचूकपणाची चिंता नसते. वेळ किती जाईल आणि दुसरीकडे जावें लागेल काय, हेंच ते विचारितात.

कोणी म्हणेल, दृष्टीपेक्षां एका दिवसाची मजुरी मोठी काय? मोठी नाहींच. परंतु आपल्याकडेही ज्याची चूल त्या मजुरीवर पेटते, ज्यास एस. टी.चें भाडें आणि सोबतीस कोणी माणूस यांची तजवीज करावी लागते, त्याच्या नाखुषीस अज्ञान हें नांव देणें न्यायाचें नाहीं.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय प्रभूपुढें आला, तेव्हां त्याची उणीव सर्वांस दिसत होती. तरीही प्रभूनें आधीं त्याची इच्छा विचारली. तोच क्रम येथें पाळावा. छायाचित्र यंत्र पाहणार आहे हें रोग्यास त्याच्या भाषेंत सांगावें, त्याची संमति घ्यावी, आणि पुढें जाण्याचा प्रसंग आल्यास कोठें, कधीं व कसें जावयाचें ह्याची व्यवस्था आधींच करून ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां अशीं यंत्रें घडवितील, कोणी परिचारिका होतील. रोग ओळखण्याचें काम यंत्रानें खुशाल करावें. रोग्यास विचारण्याचें काम मात्र तुमचें आहे. त्याचा आरंभ घरींच करा: मधुमेही आजोबांस किंवा आजीस नेत्रपरीक्षा केव्हां झाली तें विचारा, आणि झाली नसल्यास स्वतः बरोबर जा.