टपरीची वही आणि दुकानातलं कार्ड

आपल्या हॉस्टेलच्या गेटसमोर टपरीवाल्या काकांची एक लांबुळकी वही आहे. त्यात माझं पान आहे, तुमचंही असेल. चहा, पोहे, परीक्षेच्या रात्रीची मॅगी, सगळं त्यात. घरून पैसे आले की आपण जातो, काका बेरीज करतात, पानावर आडवी रेघ मारतात आणि विषय संपतो. उशीर झाला तर फार तर, "काय इंजिनिअर, विसरलात का आम्हाला?" एवढंच. उधारी म्हणजे हीच, अशा समजुतीत मी सेकंड इयरपर्यंत होतो.

मग मी मोबाईल घेतला.

जुन्या मोबाईलने ऐन सबमिशनच्या आठवड्यात मान टाकली होती. वडील फी भरायला आले होते, त्यांना घेऊन शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. अठरा हजारांचा हँडसेट. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा. म्हणाला, "सर, एकदम कशाला देताय? तीन हजारांचे सहा हप्ते, व्याज शून्य. आमचं कार्डच करून देतो, पुढच्या वेळी नुसता ओटीपी." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सर म्हणालं होतं! मला उत्पन्न नाही म्हटल्यावर कार्ड वडिलांच्या नावावर निघालं. त्यांनी पॅनकार्ड दिलं, ओटीपी सांगितला, आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

ठरलं असं, की दोन मुलांच्या ट्यूशन घेतो त्यातून दरमहा तीन हजार मी वडिलांच्या खात्यात टाकायचे आणि तिथून हप्ता आपोआप कटायचा. तीन महिने नीट चाललं. चौथ्या महिन्यात इंडस्ट्रियल व्हिजिट आली. नंतर टाकू म्हटलं... आणि सरळ विसरलो. वडिलांना हिंदीतून फोन यायला लागले. मोबाईलवर फसवणूक होते हे मीच त्यांना शिकवलेलं, त्यामुळे ते फोन कट करायचे. सलग दोन हप्ते चुकले. कळल्यावर मी दंडासकट सगळे भरले. माझ्या हिशेबी पानावर रेघ पडली.

पुढच्या जूनमध्ये बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि वडील शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. अशा कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. साहेबांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "मोबाईलचे हप्ते थकवले होते का?" गावातल्या दुकानदाराचे दहा रुपये राहिले तर परत जाऊन देणारा माणूस तो. त्यांना काय उत्तर द्यावं कळेना. कर्ज नाकारलं नाही, पण लेखी खुलासा, कर्ज बंद झाल्याचं पत्र, वरच्या ऑफिसची मंजुरी यात दोन महिने गेले. पहिल्या वर्षाची फी मामाने भरली. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा कुठे मी सिबिल हे प्रकरण वाचायला घेतलं. आपल्याकडे सिबिल २००० मध्ये सुरू झाली. आज अशा चार कंपन्या आहेत, बाकीच्या तीन म्हणजे एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवत असतात. सिबिलच्या रिपोर्टमध्ये गेल्या ३६ महिन्यांचा चौकोनांचा तक्ता असतो, आणि हप्ता किती दिवस उशिरा आला त्याचा आकडा त्या त्या महिन्याच्या चौकोनात बसतो. नंतर पैसे भरले तरी तो चौकोन पुसला जात नाही. मागच्या सेमची केटी या सेमला सुटली तरी जुन्या गुणपत्रिकेवरचा एफ तसाच राहतो ना, तसं. या सगळ्यावरून ३०० ते ९०० मध्ये स्कोअर निघतो.

खरी गंमत ही, की त्या काउंटरवर 'कर्ज' हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. कार्ड, ऑफर, स्कीम, ईझी हप्ते असे सगळे शब्द होते. पण दुकानातलं कार्ड असो की मोबाईल ॲपवरचं 'आत्ता घ्या, नंतर द्या', मागे बहुतेक वेळा एक फायनान्स कंपनी असते आणि तिच्या दप्तरी ते कर्जच असतं. चारशे रुपयांचे हेडफोन घेतले तरी.

आणि शून्य व्याज? तोच हँडसेट रोखीने घेतला असता तर १,२०० रुपये सूट होती. हप्त्यावर ती नाही, वर जीएसटीसकट २३५ रुपये प्रोसेसिंग फी. म्हणजे खरी किंमत १६,८००, फी आधीच गेली, आणि मी दरमहा ३,००० प्रमाणे १८,००० फेडतोय. कॅल्क्युलेटरवर बसून काढलं, तर दर महिन्याला सुमारे २.४ टक्के, वर्षाला २९ टक्क्यांच्या आसपास पडतो! शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं. आम्ही एम-थ्री पास झालो आणि हे गणित काउंटरवर केलं नाही, यापरतं हसं कोणतं?

एमएसला जाणाऱ्या मंडळींनी हे पुढचं वाचावं. इथला स्कोअर तिथे सहसा चालत नाही, पाटी कोरी करून सुरुवात करावी लागते. मॉलमधल्या दुकानात "कार्ड घ्या, आजच्या खरेदीवर वीस टक्के सूट" असा आग्रह होतो. नवख्याला बँकेच्या कार्डापेक्षा दुकानाचं कार्ड लवकर मिळतं हे खरं, आणि वेळेवर भरलं तर इतिहास तयार होतो हेही खरं. तिथल्या फिको स्कोअरमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आहे. पण ३० टक्के वजन एकूण देण्याला आहे, आणि त्यात मर्यादेपैकी किती वापरलं हे बघतात. दुकानाच्या कार्डाची मर्यादा तुटपुंजी असते. ३०० डॉलरच्या कार्डावर १८० डॉलरचं जॅकेट घेतलं की ६० टक्के वापर झाला, आणि तो तिशीच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात. व्याज बहुधा ३० टक्क्यांच्या वर. 'सहा महिने व्याज नाही' असल्या काही योजनांत तर शेवटी थोडी जरी रक्कम उरली, तरी खरेदीच्या दिवसापासूनचं व्याज लागतं. तेव्हा वीस टक्के सुटीसाठी चार दुकानांत चार अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद होते. इथेही होते.

कर्ज घेऊच नका, असं मी म्हणत नाही. अजिबात इतिहास नसणं हीही पुढे अडचणच असते. पण सुरुवातच करायची तर फिक्स्ड डिपॉझिटवर मिळणारं बँकेचं कार्ड घ्यावं, महिन्याला एक रिचार्ज करावा आणि पूर्ण बिल भरावं. ते कंटाळवाणं आहे. चालतं.

आता थोडं कडू. गेल्या गॅदरिंगला अशाच एका कंपनीचा स्टॉल ऑडिटोरियमच्या दारात होता. अर्ज भरणाऱ्याला टी-शर्ट. पन्नासेक पोरं रांगेत होती, आणि स्पॉन्सर म्हणून स्टेजवर आभारही मानले गेले. आपल्याला साउंड सिस्टिमचे पैसे लागतात हे मान्य. पण ज्यांच्या हाती उत्पन्न नाही अशा पोरांचा अर्ज टी-शर्टवर विकत घेणाऱ्याला कॅम्पसमध्ये जागा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅदरिंग समितीने आणि आदरणीय सरांनी यंदा बजेट ठरवताना याचा विचार करावा. साउंड थोडा कमी वाजला तर रेक्टर सरांनाही आवडेल.

आणि तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर काय लिहिलंय ते एकदा बघा. २०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे, आणि आपला आपण बघितल्याने स्कोअर घटत नाही. चुकीची नोंद असेल तर तक्रार करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. माझी नोंद बरोबरच होती, म्हणून मला तक्रार करता आली नाही. रिपोर्ट कसा काढायचा हे कळत नसेल तर बी विंगमध्ये या, दाखवतो. चहा मात्र काकांच्या वहीत, तुमच्या पानावर.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)