जागा किती, हवा किती

भिलाईत रोड बाइक घेऊन दुकानात येणारे गिऱ्हाईक हल्ली एकच मागणी करते: 23 चे टायर काढा, 28 चे टाका. काहींना थेट 32 हवे असतात. मागणी रास्त आहे. सेक्टरांमधले झाडांखालचे रस्ते सोडले, तर जी. ई. रोडने सुपेलाहून पॉवर हाऊसकडे किंवा दुर्गच्या बाजूला जाताना सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची कड येते. तिथे खडी सांडलेली असते आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या तारांचे बारीक तुकडेही पडलेले असतात. 23 चा टायर अशा कडेसाठी बनलेलाच नाही. तेव्हा रुंद टायर बसवावा, याबद्दल दुमत नको. आमची तक्रार बसवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. जुना टायर उतरवला, नवा चढवला, हवा मारली, पैसे घेतले, एवढ्यावर हे काम उरकले जाते.

या गावाला रुंद टायर नवा नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या पाळ्यांचे कामगार ज्या काळ्या सायकलींवरून गेटवर जात, त्यांचे टायर 28 × 1½ चे, म्हणजे जवळजवळ 40 मिलिमीटर रुंद होते. मात्र त्याच आकड्यात आजचा घोटाळा दडलेला आहे. त्या रिंगचा टायर बसण्याचा व्यास 635 मिलिमीटर, तर 700 × 28 चा 622. गिऱ्हाइकाने ‘28 चा टायर’ म्हटले आणि मुलाने भलताच खाली काढला, असे होऊ नये म्हणून टायरच्या बाजूवरचा 28-622 हा आकडा वाचण्याची सवय दुकानातल्या प्रत्येकाला लावा.

हा आकडाही पुरेसा नाही. टायरची खरी रुंदी रिंग ठरवते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच रिंगा आतून 15 मिलिमीटरच्या आसपास असत. आता 19, 21, त्याहूनही रुंद येतात. आतली रुंदी एक मिलिमीटरने वाढली की टायर साधारण 0.4 मिलिमीटरने फुगतो. म्हणून 21 च्या रिंगवर चढवलेला 28 चा टायर व्हर्नियरखाली 30 भरला, तर नवल नाही. शिवाय नवा टायर पहिल्या काही दिवसांत थोडा सैलावतो. हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा.

मग जागा पाहा. त्यासाठी 4 मिलिमीटरची एलन की पुरते. टायर आणि चिमट्याच्या माथ्यामध्ये, ब्रेकच्या कमानीखाली, मागच्या दोन नळ्यांमध्ये आणि सीटच्या नळीसमोर ती कुठेही न अडकता फिरली पाहिजे. चाक हाताने सावकाश फिरवत संपूर्ण फेरीभर तपासा, कारण आउट असलेली रिंग एकाच जागी दगा देते. भर रस्त्यात एखादा स्पोक तुटला, तर चाक याच चार मिलिमीटरांत डुलणार असते. पावसाळ्यात शिवनाथेकडच्या गावरस्त्यांवर कन्हारची काळी चिकण माती टायरला लपेटून येते. जागा कमी असेल तर ती आत भरते, आणि तिच्यातले खडे कार्बनची फ्रेम पार आतपर्यंत घासून काढतात. ज्या गावात रूळ बनतात, तिथल्या माणसांना मिलिमीटरची किंमत नव्याने सांगायला नको.

कॅलिपर ब्रेकच्या बहुतेक जुन्या रोड बाइकवर 25 सुखाने बसतो, 28 कधी बसतो, कधी नाही. 32 साठी नाही म्हणा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले तरी चालेल. डिस्क ब्रेकच्या गाड्यांत जागा जास्त असते, पण तिथेही एलन की फिरवल्याशिवाय होकार देऊ नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र हवेत होते. टायर 28 चा बसवायचा आणि हवा 23 च्या हिशेबाने 110 पीएसआय मारायची, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले पैसे वाया. दगडासारखा टायर वेगाने पळतो, ही समजूत आपल्या धंद्यात फार खोल रुजली आहे. फ्रँक बर्टो यांनी वजनाखाली टायर सुमारे 15 टक्के दबावा, असा दंडक मांडला होता. ‘बायसिकल क्वार्टर्ली’चे यान हाइने यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन दाखवले की खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर स्वाराला हादरवतो आणि ती ऊर्जा त्याच्याच शरीरात जिरून जाते. 28 मध्ये 23 च्या जवळजवळ दीडपट हवा मावते, त्यामुळे कमी दाबातही ट्यूब रिंगवर चेपत नाही. 70 किलोच्या स्वाराला ट्यूबसह 28 च्या टायरमध्ये मागे 75, पुढे 70 पासून सुरुवात करा आणि आठवडाभराने त्याला विचारून दोन-दोन पीएसआयने कमी-जास्त करा.

भिलाईचा मे महिनाही हिशेबात धरा. सकाळी 25 अंशांना भरलेली 70 ची हवा दुपारी 45 अंशांत 75 च्या वर जाते. ज्या रिंगांना कडेचा हूक नसतो, त्यांची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय असते. त्यांच्यात दाब या मर्यादेच्या काठावर आणून ठेवू नका. तिथे टायरच जास्त रुंद निवडा आणि दाब बराच खाली ठेवा.

गाडी देताना स्वाराला ब्रेकची सोडकळ दाखवा, कारण फुगलेला 28 चा टायर पॅडमधून सहज निघत नाही. मीटरमध्ये चाकाचा घेर 2096 असेल, तर तो 2136 करा. बिलावर मोजलेली रुंदी, सर्वांत अरुंद जागेचे माप आणि दोन्ही चाकांचा दाब लिहून द्या. या मोजण्या-तपासण्यात अर्धा तास जातो. त्याची मजुरी बिलात वेगळी लावा आणि ती मागताना संकोच करू नका.