जुना फ्लॅट जरूर घ्या, पण रिडेव्हलपमेंटच्या भरवशावर नको

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर किंवा सहकारनगरातला तीस-चाळीस वर्षांचा फ्लॅट विकायला निघाला की एजंटच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. कधी बिल्डरशी खरोखरच बोलणी चाललेली असतात, कधी सर्वसाधारण सभेत नुसता विषय निघालेला असतो, कधी तेवढंही झालेलं नसतं. भाव मात्र उद्या मिळणाऱ्या मोठ्या, नव्या कोऱ्या फ्लॅटचा हिशेब धरून सांगितला जातो, आणि घेणारेही तो मुकाट्यानं मान्य करतात. जुन्या वस्तीतलं जुनं घर ही मध्यमवर्गीय कुटुंबासाठी आजही उत्तम खरेदी आहे असं मला ठामपणे वाटतं. त्याचा भाव मात्र आज उभ्या असलेल्या घरावरून ठरायला हवा. ही इमारत पुढची पंधरा वर्षं पाडली जाणार नाही असं धरून चाला. तरीही ते घर राहण्याजोगं आणि परवडणारं वाटलं, तरच टोकन द्या.

या घरांची मूळ ताकद वस्तीत आहे. १९६१च्या पानशेत पुरानंतर पुणं पेठांबाहेर झपाट्यानं पसरलं. गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नोकरदारांच्या सोसायट्यांनी कोथरूडपर्यंतचा माळ भरून काढला. तळमजल्यावर तीन मजले, बारा-सोळा बिऱ्हाडं, कंपाउंडच्या कडेनं नारळ आणि आंबा, अशा त्या इमारती. त्यांच्याभोवती शाळा, दवाखाने, भाजीची दुकानं, वाचनालयं आणि बसचे थांबे पन्नास वर्षांत हळूहळू जमले आहेत. त्यांच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं आणि ड्रेनेज शहराच्या मुख्य वाहिनीला जोडलेलं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या कितीतरी नव्या, देखण्या संकुलांचा उन्हाळा अजूनही टँकरवर निघतो आणि त्याचं बिल मेंटेनन्समधून भरावं लागतं. उलट मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, ती जुन्या कोथरूडच्या दारातून. पोहण्याचा तलाव आणि क्लबहाउस बिल्डर दोन वर्षांत बांधून देतो. पायी जाता येईल अशी शाळा आणि रात्री दार उघडणारा डॉक्टर त्याच्या हातातली गोष्ट नाही.

मग या ताकदीचं मोल किती धरायचं? त्यासाठी भाडं ही फार प्रामाणिक कसोटी आहे. भाडेकरू शाळेसाठी, मेट्रोसाठी, पाण्यासाठी, शांत गल्लीसाठी पैसे मोजतो; उद्याच्या पुनर्विकासासाठी तो एक रुपयाही देत नाही. समजा, जुन्या वस्तीतल्या एका फ्लॅटला महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख भाडं येतं आणि मालक सांगतो १ कोटी ३५ लाख. ही किंमत ४५ वर्षांच्या भाड्याएवढी झाली. उपनगरातल्या तयार नव्या फ्लॅटचं भाडं ३० हजार आणि किंमत १ कोटी ८ लाख असेल, तर ती ३० वर्षांच्या भाड्याएवढी. जुन्या फ्लॅटलाही तीस पट लावली तर ९० लाख होतात. वरचे ४५ लाख वस्तीसाठी आहेत असं म्हणता येत नाही, कारण वस्तीचं मोल भाड्यात आधीच आलं आहे. ते ४५ लाख, किंवा त्यातला मोठा भाग, पुनर्विकासाच्या आशेसाठी मागितलेले आहेत. शिवाय नव्या इमारतीचं उरलेलं आयुष्य जास्त, म्हणजे पट लावायची तर जुन्या घराला थोडी कमीच लावली पाहिजे. आकडे प्रत्येक गल्लीत वेगळे निघतील, पण हा हिशेब आजूबाजूची चार भाडी विचारून कोणालाही एका संध्याकाळी करता येतो.

आता त्या आशेकडे पाहू. पुनर्विकास व्हायचा तर जमीन सोसायटीच्या नावावर हवी. १९६३च्या मालकी सदनिका कायद्यानं हे बंधन बिल्डरवर घातलं होतं, आणि त्याखालच्या नियमांनुसार करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हायला हवं होतं. ते इतक्या ठिकाणी झालं नाही की २००८ मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. ती सोय असूनही असंख्य सोसायट्यांच्या मिळकत पत्रिकेवर आजही मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव आहे. दुसरी अडचण रस्त्याची. २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत, दाट गावठाणाबाहेर, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय, म्हणजे विकत घ्यायचा वाढीव बांधकामाचा हक्क, मिळत नाही. म्हणजे एकाच सोसायटीनगरातल्या, एकाच वर्षी बांधलेल्या दोन इमारतींपैकी एक बारा मीटरच्या रस्त्यावर असेल तर बिल्डर रांग लावतात आणि सहा मीटरच्या बोळातल्या दुसरीकडे कोणी फिरकत नाही. विक्रीच्या भावात हा फरक क्वचितच दिसतो. तिसरी अडचण माणसांची. ४ जुलै २०१९च्या सुधारित शासन निर्देशांनंतर सोसायटीत ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, ही मोठी सोय झाली हे खरं. तरी खालच्या मजल्यावर दुकान असलेला, परदेशी राहणारा, भावाशी वाद चालू असलेला अशा दोन-तीन सभासदांनी कोर्टाची वाट धरली की वर्षं जातात. आणि पुण्यातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७०च्या कायद्याखालच्या अपार्टमेंट आहेत. तिथे प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र डीड असतं आणि संमतीचं गणितच वेगळं. घेणाऱ्यांपैकी किती जण हा फरक विचारतात?

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की, पुनर्विकास कल्पनेतला नाही, डोळ्यांसमोर होतो आहे; प्रभात रोड किंवा कर्वे रोडच्या कोणत्याही आडगल्लीत पाहा. आणि पुनर्विकास बाजूला ठेवला तरी जमिनीतला वाटा खरा आहेच. हे मला मान्य आहे. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर बारा फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ८३ चौरस मीटर जमीन येते. तेवढ्याच जमिनीवर छत्तीस फ्लॅटचा मनोरा उभा राहिला की हाच वाटा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बांधकाम झिजत जातं, जमिनीचा भाव वाढत जातो, म्हणून जुन्या घराची किंमत सहसा फार पडत नाही. पण ही जमीन अकरा कुटुंबांशी बांधलेली आहे, ती एकट्यानं विकता येत नाही. कुलपात असलेल्या पैशाला हातातल्या पैशाएवढा भाव कोणी देत नाही. इथे तो दिला जातो, एवढंच माझं म्हणणं आहे. करार झाला, सोसायटीच्या ठरावाची प्रत हातात आली, बांधकामाची परवानगी मिळाली, बँक गॅरंटी जमा झाली, तर त्या त्या टप्प्याला थोडा जास्त भाव देणं रास्त आहे. नुसत्या बोलण्याला तो देऊ नये. आणि करार झाल्यावरही जोखीम संपत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातल्या, म्हणजे पत्रा चाळीतल्या, ६७२ कुटुंबांनी २००८च्या करारानंतर घरं रिकामी केली आणि एका तपाहून अधिक काळ ती स्वतःच्या घराबाहेर राहिली. ते प्रकरण टोकाचं होतं, पण कर्ज काढून जुना फ्लॅट घेणाऱ्याला हप्ता आणि भाडं दोन्ही भरण्याची वेळ दोन-तीन वर्षांच्या रखडण्यानंही येऊ शकते.

आणखी एक विसंगती मला फार महत्त्वाची वाटते. आपण ही वस्ती निवडतो ती तिच्या मोकळेपणासाठी. आणि पैसे मोजतो ते इमारत पाडून तिप्पट उंच होईल या अपेक्षेपोटी. बारा बिऱ्हाडांच्या जागी छत्तीस आली, शेजारच्या पाच सोसायट्यांनीही तेच केलं, तर रस्ता तोच, जलवाहिनी तीच, ड्रेनेजही तेच राहतं. आंब्याची जागा पार्किंगचे मजले घेतात. ज्या गोष्टीमुळे घर हवंसं वाटलं तीच पुनर्विकासात खर्ची पडते. तेव्हा दोन्हींचे पैसे एकाच वेळी देणं म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा पैसे देण्यासारखं आहे.

आज राहण्याजोगं घर म्हणजे काय, याचं पहिलं उत्तर इमारतीच्या मजबुतीत आहे, आणि इथे जुन्या घराबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. भारतीय मानकांनुसार आरसीसीसाठी एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालत असे. २००० साली ही किमान मर्यादा एम-२० झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत काँक्रीट बहुधा जागेवरच मिसळलं जाई, आणि सळईवरचं आवरण किती सोडायचं हे पुष्कळदा गवंड्याच्या अंदाजावर असे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून काँक्रीटची अल्कता मारतो, मग सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. संडास-बाथरूमच्या गळतीनं हे आणखी लवकर होतं. म्हणून रंगवलेला हॉल पाहून भुलू नये. वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचा स्लॅब, गच्चीवरच्या टाकीचे खांब आणि जिन्याच्या खालची बाजू पाहावी. तळमजल्यावर भिंती नसून नुसत्या खांबांवर पार्किंग असेल तर जास्त काळजी घ्यावी. २००१च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत पडलेल्या इमारतींत अशा बऱ्याच होत्या. पण वय म्हणजे धोका असं समीकरण मांडणं चूक आहे. तीन मजली इमारतीवरचा भार कमी असतो, आणि वेळच्या वेळी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाइप बदलणं आणि खांबांची दुरुस्ती केलेली चाळीस वर्षांची इमारत दुर्लक्षित वीस वर्षांच्या इमारतीपेक्षा खात्रीची असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. तो अहवाल मागा. ‘पाडायचीच आहे, ऑडिट कशाला’ असं उत्तर आलं, तर त्या सोसायटीनं दुरुस्ती कधीच थांबवली आहे असं समजावं. पुनर्विकासाच्या आशेनं होणारं हे सर्वांत मोठं नुकसान आहे : येईल-येईल म्हणत दहा वर्षं गळती तशीच राहते.

लिफ्ट नसण्याचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करते. साठीच्या पुढच्या माणसांनी तिसऱ्या मजल्यावरचं घर, कितीही स्वस्त असलं तरी, घेऊ नये. बाहेरून लिफ्ट बसवता येते, पण त्यासाठी सामासिक जागा, परवानगी आणि तळमजल्यावरच्यांची राजीखुशी, तिन्ही लागतात. कर्जाचंही तसंच : इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहून बँक मुदत कमी करते, हप्ता वाढतो. दुसऱ्या बाजूला, बांधकाम चालू असलेल्या साध्या नव्या फ्लॅटवर लागणारा पाच टक्के जीएसटी इथे नाही, आणि सोसायटी हस्तांतरणासाठी २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम मागू शकत नाही.

राहिले कागद. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचा प्रत्येक करारनामा मूळ स्वरूपात हवा. १९८५च्या डिसेंबरपूर्वीचे अनेक करार साध्या स्टँपपेपरवर झालेले आढळतात. ते वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूळ मालक वारलेले असतील, आणि या घरांत ते बहुधा असतातच, तर शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. त्यासोबत भोगवटा पत्र, मिळकत पत्रिका, ऑडिटचा अहवाल आणि गेल्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागावीत. इतिवृत्तांत सोसायटीचं खरं चित्र असतं : पुनर्विकासावर ठराव झाला की नुसती चर्चा, दुरुस्ती निधीत पैसे आहेत का, कोणाशी दावा चालू आहे. अभिहस्तांतरण झालेल्या, ऑडिट केलेल्या सोसायटीतल्या फ्लॅटला जास्त भाव आणि बाकीच्यांना कमी, असं घेणाऱ्यांनी उघडपणे करायला सुरुवात केली, तर ज्या कामासाठी वर्षानुवर्षं कोरम भरत नव्हता त्यासाठी सभासद स्वतःहून सभेला येतील.