चाक थांबलेलं असतं तेव्हा



उन्हाळाभर जळगाव रोडला हर्सूलच्या बाजूला माठ मांडलेले दिसतात, आणि पाऊस लागला की ती रांग आवरली जाते. हवा ओली असली की कच्ची मडकी वाळत नाहीत, उघड्यावरची भट्टी लागत नाही, चाक बंद. मग कुंभाराच्या ओसरीवर चार ओळखीचे जमतात, चहा होतो, कुणीतरी गप्पा मारता मारता मातीच्या गोळ्याची बाहुली करून बाजूला ठेवतं. आणि येता-जाता आपल्यातलीच एखादी म्हणून जाते, "बसलेत बघा रिकामे!"

आपल्याच मुली-सुना पैसे भरून पॉटरीच्या क्लासला जातात, मैत्रिणींबरोबर दोन तास माती मळतात, वाकडी वाटी घरी आणतात, तेव्हा आपण म्हणतो, मन किती हलकं झालं तिचं. हाच विरंगुळा कुंभाराच्या अंगणात दिसला की तो प्रमाद कसा होतो? मला हे पटत नाही.

भगवंतांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद करू नकोस म्हणून सांगितलं, ते आपल्याला पाठ असतं. पण ते स्वतःच्या आत्म्यासाठी आहे, दुसऱ्याच्या ओसरीवरची माणसं मोजायला नाही.

उपासकदशांगातल्या दहा श्रावकांमध्ये एक कुंभार आहे, सद्दालपुत्र. (दिगंबर मैत्रिणी हे आगम प्रमाण मानत नाहीत, तरी गोष्ट ऐकायला हरकत नसावी.) पोलासपूर गावाबाहेर त्याची 500 दुकानं होती. म्हणजे हा काही गरीब बिचारा कारागीर नव्हता, मोठा व्यावसायिक होता. गोशालकाचा अनुयायी, सगळं नियतीनेच होतं असं मानणारा. भगवान महावीर त्याच्याकडे उतरले होते. एके दिवशी तो मडकी उन्हात काढत असताना भगवंतांनी विचारलं, ही होतात कशी? त्याने सगळं सांगितलं. आधी माती असते, मग ती पाण्यात भिजते, राख आणि शेण मिसळतात, मग ती चाकावर चढते. भगवंतांनी पुढे विचारलं, यात पुरुषार्थ लागतो की नाही? तो म्हणाला, नाही. मग कुणी तुझी मडकी फोडली तर? मी त्याला झोडपीन, असं तो म्हणाला आणि तिथेच अडकला. पुढे त्याने श्रावकाची व्रतं घेतली. मला यातला पहिला प्रश्न फार आवडतो. एवढं मोठं परिवर्तन, पण सुरुवात झाली ती त्याच्या कामाची कुणीतरी आस्थेने चौकशी केली म्हणून, आणि त्याने हातातलं काम ठेवून उत्तर दिलं म्हणून.

आपल्याच मराठवाड्यात तेर इथल्या गोरोबाकाकांची गोष्टही अशीच. (तेरला महावीरस्वामींचं मंदिरही आहे, कधी गेलात तर दोन्ही दर्शनं होतात.) ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई अशी मंडळी जमलेली. कोपऱ्यातलं थापटणं पाहून मुक्ताबाईंनी विचारलं, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर तेच थापटणं चालवलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. नामदेव रुसले, पण पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. त्या दिवशी गोरोबांनी किती मडकी घडवली हे कुणी विचारत नाही.

आपणही माठ घेताना बोटाने वाजवून बघतो. पण विचारतो काय? "वीस रुपये कमी करा."

काहीजणी म्हणतील, कुंभारकाम म्हणजे अंगारकर्म, पंधरा कर्मादानांपैकी एक, त्याचं काय कौतुक? बरोबर आहे, भट्टीत पृथ्वीकाय, अग्निकाय जीवांची विराधना होतेच. पण त्या माठातलं गार पाणी आपण पितो, तेव्हा त्या कर्मात आपलं अनुमोदन नसतं का? आणि हे शिल्प पहिल्यांदा शिकवलं कुणी? ऋषभदेवांनी. हत्तीच्या मस्तकावर ओली माती थापून पहिलं भांडं त्यांनीच घडवून दाखवलं, असं आपली परंपरा सांगते. अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्याचा उसाचा रस आठवतो, त्या रसाचे 108 घडे मात्र आपल्या लक्षात येत नाहीत.

पाऊस संपला की नवरात्राचे घट, मग दिवाळीच्या पणत्या, मग संक्रांतीची सुगडं, आणि पुन्हा उन्हाळ्याचे माठ. त्यामध्ये बसायला त्यांना मिळतात ते हेच दिवस, आणि त्या दिवसांचं पोट त्या माठाच्या किमतीतच असतं. यंदा पणत्या घेताना मी डझनाचा सांगतील तो भाव देणार आहे. आणि माती कुठून आणता, तेही विचारणार आहे.